वस्तीवरच्या शाळेचा पैसा कुठं अडतो?

(मोडनिंब परिसरातल्या महिला गटांसाठी रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

  कुणी चुलीपुढं बसून ऐकत असाल, कुणी डाळिंबाच्या बागेत काम करता करता ऐकत असाल. आजचा विषय तुमच्या घरातल्या पोरांचा आहे. आपल्या सरकारी शाळांना पैसा किती मिळतो, कोणत्या हिशोबानं मिळतो, आणि एका शाळेच्या वाट्याला जास्त अन् दुसरीच्या वाट्याला कमी का येतो, ते आज आपण बघू.

सरकारी शाळा म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळ्या सारख्याच. पण तसं नाही. सरकारी शाळांतही पायऱ्या आहेत.

आपल्या शेजारच्या मोहोळ तालुक्यात पोखरापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला परीक्षा देऊन तिथं प्रवेश मिळतो. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं सरकार करतं, आणि ते बारावीपर्यंत. शाळा फार चांगली. पण एका वर्षात जागा किती? सगळ्या सोलापूर जिल्ह्यातून 80. आपल्या जिल्ह्याची वस्ती 2011 च्या जनगणनेतच 43 लाखांवर होती. म्हणजे पोराला शिकवायला काय काय लागतं हे सरकारला नीट ठाऊक आहे. फक्त ते सगळं 80 पोरांच्या वाट्याला येतं.

दुसरी पायरी पीएम श्री शाळांची. ही योजना 2022 साली आली. निवडलेल्या शाळांना प्रयोगशाळा, वाचनालय, संगणक, खेळाचं साहित्य यासाठी वेगळा पैसा मिळतो. सगळ्या देशातून शाळा घ्यायच्या 14,500. देशात सरकारी शाळा आहेत दहा लाखांच्या आसपास. शंभरातल्या दीड शाळेला हा पैसा मिळणार, बाकीच्यांनी बघत बसायचं.

तिसरी गोष्ट स्पर्धेची. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान 2023-24 साली सुरू झालं. राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला 51 लाख, तालुक्यात पहिलीला 3 लाख. ज्या शाळांनी बक्षीस मिळवलं त्यांचे कष्ट खरे आहेत, त्यांचं कौतुकच करायला हवं. पण स्पर्धेत पुढं कोण जातं? जिथं इमारत धड आहे, शिक्षक पुरेसे आहेत, गावानं हात दिलेला आहे, ती शाळा. जिचं पत्र्याचं छप्पर गळतंय ती स्पर्धेत उतरणार तरी कशी? म्हणजे जिच्याकडं थोडं आहे तिला आणखी मिळतं.

आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर आपली वाडीवरची, वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा. आपल्याकडं माणसं रानात वस्ती करून राहतात. गाव एकीकडं आणि वस्त्या चहूकडं पांगलेल्या. लहान पोरांना गावातल्या शाळेपर्यंत चालत जाणं जमेना, म्हणून 2000-01 च्या सुमारास सरकारनं वस्तीशाळा काढल्या. त्यातल्या शिक्षकांना सुरुवातीला महिन्याला 1,000 रुपये मानधन होतं. कुणाच्या पडवीत, कुणाच्या झाडाखाली त्या शाळा भरल्या. पुढं त्यांच्या जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या. आजच्या कितीतरी लहान शाळांचा जन्म असा झालेला आहे. गरज होती म्हणून त्या निघाल्या, हे विसरू नका.

आता पैशाचा हिशोब बघू. गटाची वही तुम्ही लिहिता, तेव्हा हा हिशोब तुम्हाला अवघड नाही.

समग्र शिक्षा नावाची योजना 2018 पासून आहे. तिच्यात शंभरातले साठ रुपये केंद्र सरकारचे आणि चाळीस राज्याचे. तिच्यातून प्रत्येक सरकारी शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. 31 ते 100 असेल तर 25,000. 101 ते 250 ला 50,000. 251 ते 1,000 ला 75,000. आणि हजाराच्या वर गेला तर एक लाख.

आता 30 पोरांच्या शाळेचं बघा. वर्षाला 10,000, म्हणजे महिन्याला 833 रुपये. त्यात काय काय भागवायचं? वीजबिल, खडू, हजेरीपट, कागद, झाडू, फिनेल, नळाची तोटी, मोडलेला बाक, गळकं छप्पर, संगणक असेल तर इंटरनेट. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, म्हणजे संडास-मुतारीच्या सफाईला वर्षाला हजार रुपये. तुम्ही संसार चालवता. 833 रुपयांत महिनाभर शाळा चालवून दाखवा, असं कुणी म्हटलं तर काय म्हणाल? वीजबिल थकतं, जोडणी तुटते. मग वर्गात टीव्ही असतो, पण तो लागत नाही.

आणखी एक गंमत बघा. पट 30 असेल तर 10,000 आणि 31 झाला की 25,000. एका पोरामागं 15,000 चा फरक. एका घरानं पोरगं काढून नेलं की शाळेच्या हातातले निम्म्याहून जास्त पैसे गेले.

इथं साहेब लोक एक गोष्ट सांगतात, ती आपणही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, पोरामागं हिशोब केला तर लहान शाळेवरच जास्त खर्च होतो. 30 पोरांना 10,000 म्हणजे पोरामागं 333 रुपये. हजार पोरांच्या शाळेला 75,000, म्हणजे पोरामागं 75. शिक्षकांचा पगार धरला तर लहान शाळा आणखीच महाग. हा आकडा खोटा नाही. पण तो पुराही नाही. तोटी वीस पोरांनी वापरली तरी तिची किंमत तेवढीच, दोनशेंनी वापरली तरी तेवढीच. छपराचा पत्रा पोरं मोजून स्वस्त मिळत नाही. लहान शाळेला पोरामागं जास्त पैसा लागणारच. घरात एक माणूस असो की पाच, चूल एकच पेटवावी लागते.

याच हिशोबातून 2023 साली समूह शाळांचा विचार पुढं आला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करायची. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात 14 हजारांहून जास्त निघाल्या. कागदावर हे चांगलं दिसतं. मोठी शाळा, जास्त शिक्षक, मैदान, ग्रंथालय. पण पहिलीतलं सहा वर्षांचं लेकरू ओढा ओलांडून, हायवेच्या कडेनं तिथं जाणार कसं? आपल्याकडून पुणे-सोलापूर रस्ता जातो. त्या रस्त्यावरून गाड्या कशा धावतात ते तुम्ही रोज बघता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे. ते उगाच नाही.

शाळा बंद झाली म्हणून खर्च संपत नाही. तो सरकारच्या वहीतून निघून तुमच्या वहीत येतो. गाडीचं भाडं तुमचं. पोराला सोडायला-आणायला जाणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, ती तुमची. आणि गाडीचा खर्च एकाच पोराचा झेपत असेल तर पोरगा जातो, पोरगी घरी राहते. साहेबांच्या हिशोबात हे कुठंच लिहिलेलं नसतं.

पैसा कमी पडला की पोरांवर काय परिणाम होतो, ते बघू.

कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. वस्तीवरच्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर दुसरीला बेरजा, तेवढ्यात तिसरी-चौथी गप्प बसवायची. तशातच एक गुरुजी रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग एकट्यावर. लहान शाळेला कारकून नसतो, शिपाई नसतो. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, सगळं त्याच दोघांकडं. शिकवायचा वेळ त्यातच जातो. मग चौथीतल्या पोराला भागाकार येत नाही, आणि आपण म्हणतो, पोराचं डोकंच चालत नाही. डोकं चालतं. त्याच्या वाट्याला गुरुजींचा वेळ किती आला, ते आधी विचारा.

संडासात पाणी नसेल तर पोरी सकाळी निघताना पाणीच पीत नाहीत. दिवसभर दाबून धरतात. डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते. सहावी-सातवीत गेल्या की महिन्यातले चार दिवस घरी राहतात. वर्षाचे दिवस मोजा, किती शाळा बुडाली ते कळेल. आणि पुढं कुणीतरी म्हणतं, हिला काय शिकायची गोडी नाही, लग्नाचं बघा. एका तोटीची आणि एका टाकीची उणीव पोरीच्या आयुष्यात अशी उतरते.

मग आईबाप काय करतात? पदराला खार लावून पोराला मोडनिंबला नाहीतर टेंभुर्णीला खासगी शाळेत घालतात. फी, गाडी, बूट, वह्या. तुमच्या गटाची जून महिन्याची कर्जवही उघडून बघा. कुणी कशासाठी उचल घेतली ते वाचा. शाळेसाठी घेतलेलं कर्ज बाजूला काढून त्याची बेरीज करा. सरकारनं जे द्यायचं राहिलं, ते तुम्ही व्याजानं भरताय. त्या आईला मी बोल लावणार नाही. आपल्या लेकराचं भलं कोण बघणार नाही? पण एकेक पोरगं गेलं की पट उतरतो. पट उतरला की अनुदान उतरतं, शिक्षक कमी होतो. मग उरलेली पोरं कुणाची? ज्यांना फी परवडत नाही त्यांची. सगळ्यांत गरीब घरच्या पोरांच्या वाट्याला सगळ्यांत उणी शाळा.

वाडीवरच्या शाळेत काही राम नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम सुमारे सात कोटी रुपये. त्यातली निम्मी त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाडीवरची शाळा कुठवर जाऊ शकते ते सगळ्या जगानं बघितलं. पण प्रत्येक वाडीनं पुरस्काराची वाट बघायची का? चांगली शाळा हा नशिबाचा भाग असू नये.

आता लोकवर्गणीबद्दल. आपल्याकडं लोकवर्गणीची जुनी रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. घराघरांतून मूठमूठ धान्य जमा करून वसतिगृहं चालवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांना जेवू घालायला अंगावरचे दागिने मोडले. हे ऋण आपण विसरायचं नाही. पण आज लोकवर्गणीवरच शाळा सोडून दिली तर काय होतं? ज्या गावात बागायत आहे, दुकानं आहेत, नोकरीला गेलेली पोरं पैसे पाठवतात, तिथं लाखांनी वर्गणी जमते. ज्या वस्तीवर मजूरच राहतात, तिथं काय जमणार? ज्याच्या गावाला पैसा, त्याच्याच पोराला शाळा, असं होतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात शाळेचा बराच पैसा त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचं शहर आहे. तिथल्या एजवूड नावाच्या गरीब भागात 1967-68 साली पोरामागं 356 डॉलर खर्च होत होता आणि त्याच शहरातल्या श्रीमंत भागात 594 डॉलर. खरं तर गरीब भागातले लोक घरपट्टी जास्त दरानं भरत होते, पण घरंच स्वस्त, म्हणून पैसा कमी जमायचा. तिथले आईबाप कोर्टात गेले. 1973 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पण गप्प बसले नाहीत. पुढं राज्याच्या न्यायालयात त्या भागानं पुन्हा दावा लावला आणि 1989 साली निकाल बाजूनं लागला. वीस वर्षं लागली. ज्यांनी सुरुवात केली त्यांची पोरं तोवर मोठी झाली होती. तरी त्यांनी ते केलं.

आणि आपल्याला दूर जायचंही कारण नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या कष्टाचा, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या मोठ्या शिक्षणावर, असं त्यांचं म्हणणं होतं. गावोगावच्या प्राथमिक शाळांवर जास्त खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. पुढं 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात हिशोबच मांडला. सरकार माणशी शिक्षणावर 14 आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. जेवढं लोकांकडून घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, असं ते म्हणाले. बायांनो, दारूचा पैसा कुणाच्या घरातून जातो ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पुढं कोठारी आयोगानं 1966 साली सांगितलं की देशाच्या उत्पन्नातले शंभरात सहा रुपये शिक्षणावर घाला. 2020 च्या शिक्षण धोरणातही तेच लिहिलं आहे. अजून आपण तिथवर पोचलेलो नाही.

मग आपण काय करायचं? सरकारचं अंदाजपत्रक आपल्या हातात नाही. पण काही दोऱ्या आपल्या हातात आहेत.

पहिली दोरी शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं या समितीत चारातले तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. बऱ्याच ठिकाणी बाईचं नाव असतं आणि बैठकीला नवरा जातो, नाहीतर घरी वही पाठवून सही घेतली जाते. हे बंद करा. बैठकीला स्वतः जा. ठराव वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

दुसरी, हिशोब. यंदा शाळेला अनुदान किती मंजूर झालं, किती आलं, कोणत्या तारखेला आलं, कशावर खर्च झालं, हे चार प्रश्न बैठकीत विचारा. गुरुजींवर संशय म्हणून नाही. बऱ्याचदा पैसा वर्ष संपत आल्यावर येतो आणि गुरुजी स्वतःच्या खिशातून खडू आणतात. तुम्ही विचारलं तर त्यांच्याही बाजूनं बोलणारं कुणी आहे असं होतं. वरच्या कचेरीतून माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

तिसरी, शाळा विकास आराखडा. समितीनं तीन वर्षांचा आराखडा करायचा असतो, आणि शाळेला पैसा देताना त्याचा आधार घ्यायचा, असं कायदाच सांगतो. आर्थिक वर्ष मार्चला संपतं. म्हणून डिसेंबरच्या आत आराखडा तयार हवा. टाकी, तोटी, पोरींसाठी वेगळं संडास, कुंपण, छप्पर, कमी असलेला शिक्षक, सगळं त्यात लिहून घ्या. मागणी तोंडी केली तर वाऱ्यावर जाते. लिहिलेल्या मागणीची पोच घेऊन ती कुर्डुवाडीला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्या.

चौथी, 30 सप्टेंबर ही तारीख. त्या दिवशीच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात, आणि त्यात आधार जुळलेली मुलं मोजली जातात. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर पोरगं वर्गात बसलेलं असूनही मोजलं जात नाही. ऑगस्टमध्येच गटानं घरोघर फिरून हे तपासावं. आणि आपल्याकडं उसाच्या हंगामात तोडीला माणसं येतात, त्यांची पोरं कोपीवर बसून असतात. वर्षात केव्हाही शाळेत घेण्याचा त्यांना हक्क आहे. दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. त्यांना हाताला धरून शाळेत न्या.

पाचवी, ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातले शंभरात दहा रुपये ग्रामपंचायतीनं महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या पैशातही पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठी वेगळा वाटा असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं शाळेच्या पाण्याचा आणि संडासाचा ठराव घ्या, आणि ग्रामसभेत तो वाचायला लावा.

आणि लोकवर्गणी द्यायची तर द्या. सहल, गॅदरिंग, खाऊ, पुस्तकं, यासाठी हौसेनं द्या. पण छप्पर, पाणी, शिक्षक हे आपल्या पोरांच्या हक्काचं आहे. त्यासाठी वर्गणी मागितली तर आधी विचारा, याची मागणी वर केली का? कागद दाखवा.

गावातल्या मोठ्या शाळेतल्या बायांनाही एक सांगायचं आहे. तुमची शाळा चांगली आहे, आनंद आहे. पण ग्रामसभेत वस्तीवरची बाई एकटी उठून बोलायला लागली तर तिच्या बाजूनं हात वर करा. तिच्या पोरीला मिळालं म्हणून तुमच्या पोरीचं काही कमी होणार नाही.

पुढच्या बैठकीत गटानं या चार गोष्टींवर बोलावं. आपल्या शाळेचा पट किती आणि अनुदान किती? समितीत बाया किती आणि बैठकीला जातात किती? पोरींच्या संडासात आज पाणी आहे का? गटातून शाळेसाठी यंदा किती कर्ज गेलं? उत्तरं वहीत लिहा, तारीख घाला. पुढच्या वर्षी तीच वही उघडून बघू, काय बदललं ते.